नाक गेलंय. मासा उतरला की नाही हे चमकणारा कागद सांगेल का?

नाकतोडा | २ जून, सकाळी १०:४०

मंडळी, प्रश्न थोडा विचित्र वाटेल, म्हणून आधी पार्श्वभूमी.

२०२१ च्या एप्रिलात कोविड झाला, तेव्हा वास गेला तो अजून धड परत आलेला नाही. कॉफी कळते, फोडणी करपली तर अंदाज येतो, पण मासा ताजा की उतरलेला हे अजिबात कळत नाही. घरी बायको मासे आवडीने खाते, बाजारात मात्र पाऊल टाकत नाही. त्यामुळे खरेदी माझ्याकडे. गेल्या महिन्यात अर्धा किलो कोळंबी आणली, सोलली, दोरा काढला, हळद-मीठ लावून ठेवली. ती ऑफिसातून आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "काय मेलंय घरात?" मी तेव्हा त्याच वाटीवर वाकून मीठ बरोबर लागलंय का बघत होतो.

परवा वाचनात आलं की मासा खराब होताना जे वायू सुटतात त्यांनी चमक बदलणारे फ्लुरोसंट कागद आणि फिल्म बनवल्या आहेत. डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायचं, वर यूव्ही टॉर्च मारायचा आणि रंग बघायचा. माझ्यासाठी हे म्हणजे नाकाचं काम डोळ्यांनी करणं झालं. हे खरंच चालतं का? आपल्याकडे मिळतं का? आणि नसेल तर घरी काही करता येईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा (शक्यतो अतिनील).

मांदेली_फ्राय | २ जून, ११:०५

कोळंबीचं डोकं काळं पडलं होतं का ते बघितलंत का? तिथे नाक कशाला हवं?

नाकतोडा | २ जून, ११:१२

सोललेली घेतली होती हो. तीच चूक.

शाकाहारी_बघ्या | २ जून, ११:३०

आमच्याकडे असला कागद दुधीला लावला तर काय होईल? हलके घ्या. बाजूला बसून वाचतोय.

आजगावचो_झील | २ जून, दुपारी १२:१५

अरे बाबा, मासो हातात घेवचो, कल्लो उघडून बघूचो. लाल आसा तर घेवचो, काळवंडलो तर फुडे चलाक लागायचा. डोळो वर इलेलो होयो, आत गेलेलो नको. बोटान चेपलास आणि खड्डो तसोच रवलो तर तो मासो कालचो न्हय, परवाचो. हेका टॉर्च कित्याक?

रसायनदादा | २ जून, १२:५०

प्रश्न चांगला आहे, सविस्तर लिहितो. रंगद्रव्यांवर काम केलंय, माशांवर नाही, तेव्हा माशांची बाजू कोणीतरी सांभाळा.

मासा मेला की त्याच्या अंगावरचे आणि आतड्यातले जिवाणू कामाला लागतात. समुद्री माशात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ भरपूर असतो. खाऱ्या पाण्यात पेशींचं रक्षण व्हावं म्हणून मासा तो बाळगतो. त्याला स्वतःला वास नसतो. जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन, म्हणजे टीएमए, करतात. आपण ज्याला "मासळीचा वास" म्हणतो तो बराचसा हाच. रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशात हा मूळ पदार्थ फारच कमी, म्हणून त्यांच्या बिघडण्याचा वास वेगळा. टीएमएच्या जोडीला डायमिथाइलअमाइन आणि अमोनिया. ही सगळी मंडळी अल्कधर्मी आणि उडून जाणारी. कागद पकडतो तो याच वाफा.

आता चमक. काही रेणू अतिनील प्रकाश शोषून घेतात आणि त्याहून लांब लहरीचा, डोळ्यांना दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. १८५२ मध्ये स्टोक्सने फ्लुरस्पार या खनिजावरून त्याला फ्लुरोसन्स हे नाव दिलं. टॉनिक वॉटरची बाटली यूव्ही टॉर्चखाली धरा, आतल्या क्विनाइनमुळे निळी पेटते. यातल्या काही रेणूंची चमक आम्ल-अल्कप्रमाणे बदलते. फ्लुरेसीन हा त्यातला जुना जाणता, आम्लात मंद आणि अल्कात झगझगीत हिरवा.

मला सगळ्यात आवडलेलं काम २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलं होतं, चिनी संशोधकांचं, आणि प्रयोग केले होते कोळंबी-खेकड्यांवरच. त्यांनी सेल्युलोजच्या साखळीलाच दोन रंग टाचले. एक फ्लुरेसीनच्या कुळातला, अमाइन (म्हणजे वर सांगितलेल्या वाफा) लागलं की हिरवा उजळणारा. दुसरा पोर्फिरिन, लाल चमकणारा आणि वाफेला दाद न देणारा. ताजा माल असताना पट्टी लाल, मग पिवळटपणाकडे झुकत हिरवी. दुसरा रंग का, तर नुसती एकच चमक कमी-जास्त होत असेल तर ती माशामुळे की तुमच्या टॉर्चचा सेल उतरल्यामुळे हे कळणार नाही. लाल हा मोजायचा दंड, हिरवा हे माप. शिवाय रंग साखळीला पक्के बांधलेले, म्हणून कोळंबीच्या पाण्यात उतरत नाहीत.

मुद्देसूद | २ जून, दुपारी १:२०

सगळं ठीक. पण काळा डबा, टॉर्च, पट्टी, आणि एवढं करून ती सांगणार काय, तर "वास येतोय". वास येतोय हे वासाने कळतं. धागाकर्त्याची अडचण खरी आहे, मान्य, पण बाकी ९९ जणांना याचा उपयोग काय?

रसायनदादा | २ जून, १:३५

नाक थकतं, पट्टी थकत नाही. बाजारात दहा मिनिटं उभे राहिलात की तुम्हालाही वास येईनासा होतो. आणि पॅकबंद मालाच्या आत नाक घालता येत नाही.

मुद्देसूद | २ जून, १:३८

पॅकबंदचा मुद्दा मान्य. पहिला नाही. कोळणी तिथे बारा तास बसतात, त्यांचं नाक थकत नाही.

टायट्रेशन_ताई | २ जून, रात्री ९:१०

दिवसभर याच वासात असते म्हणून उशिरा आले. निर्यातीचं मासळी प्रक्रिया करणारं युनिट आहे, तिथल्या प्रयोगशाळेत आहे. माशांची बाजू मी घेते.

आम्ही जो आकडा काढतो त्याचं नाव टीव्हीबीएन, म्हणजे उडून जाणाऱ्या अल्कधर्मी नायट्रोजनाची बेरीज. रसायनदादांनी सांगितलेली सगळी मंडळी एका पोत्यात. युरोपात माल पाठवायचा तर जातीप्रमाणे १०० ग्रॅम मांसात २५ ते ३५ मिलिग्रॅमची मर्यादा. मोजायची पद्धत जुनी आणि सुंदर आहे. कॉनवे डिश नावाची काचेची बशी असते, आत एक गोल कडं, म्हणजे वाटीत वाटी. आतल्या वाटीत बोरिक आम्ल आणि सूचक, रंग गुलाबी. बाहेरच्या कड्यात माशाचा अर्क, त्यावर पोटॅशियम कार्बोनेट सोडायचं आणि कडेला ग्रीस लावलेलं झाकण पटकन सरकवायचं. कार्बोनेटने अमाइन मोकळी होतात, हवेतून उडून आतल्या वाटीत उतरतात. गुलाबी हळूहळू हिरवं होतं. मग आम्ल थेंबथेंब सोडून पुन्हा गुलाबी आणायचं, जितकं आम्ल लागलं तितकं नायट्रोजन. थोडक्यात तुमची ती झाकणाची पट्टी म्हणजे आमची कॉनवे डिशच, फक्त ब्युरेटच्या, म्हणजे थेंब मोजायच्या नळीच्या, जागी टॉर्च आला.

आता वाईट बातमी. टीव्हीबीएन मासा *ताजा* आहे का हे सांगत नाही, *बिघडला* का हे सांगतं. बर्फात नीट ठेवलेल्या माशात पहिले काही दिवस हा आकडा जागचा हलत नाही. चव मात्र तोवर उतरायला लागलेली असते. ते मोजायचं तर वेगळी वाट आहे. मेल्यावर स्नायूतलं एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, पायरीपायरीने तुटत जातं, मध्ये आयएमपी लागतं, जे माशाला गोडसर चव देतं, मग इनोसिन, शेवटी हायपोझँथीन, ते कडवट. शेवटच्या दोघांचं प्रमाण काढलं की के-मूल्य मिळतं. जपान्यांनी १९५९ मध्ये ही कल्पना मांडली, आणि कच्चा खायचा मासा साधारण २० टक्क्यांच्या आत हवा असं तिथे धरतात. यासाठीही चमकणारे सेन्सर आहेत, पण ते वाफेवर चालत नाहीत. माशाचा तुकडा कापून रस काढावा लागतो.

धक्क्यावरची | २ जून, रात्री १०:०२

मी ही चर्चा आईला मोठ्याने वाचून दाखवली. ती तिसऱ्या पिढीची विक्रेती, पाटी घेऊन बसते. तिचं म्हणणं जसंच्या तसं: "त्याला विचार, कागद लावलेला मासा शिळा निघाला तर पैशे कोन देनार, कागदवाला?"

माझंही थोडं. लोकांना वाटतं "ताजा" म्हणजे एकच दिवस. बोट आठ-दहा दिवस बाहेर असते. पहिल्या दिवशीचा माल खणात तळाला जातो, शेवटच्या दिवसाचा वर. दोन्ही एकाच बोटीचे, एकाच दिवशी धक्क्याला लागतात, लिलाव एकाच सकाळी. आई बर्फाच्याला बर्फाचा म्हणते आणि त्याच दराने देते. पण गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं, डोळा बघतं, चेपतं, मग दुसरं येऊन चेपतं, तिसरं चेपतं. वीस जणांनी चेपलेलं पापलेट काय ताजं दिसणार? आता यात टॉर्चवाले आले तर आई पाटी उचलून घरी येईल.

लसूणफोडणी | २ जून, १०:१५

"कागद लावलेला मासा शिळा निघाला तर" याला +१००

मडगावकर | ३ जून, सकाळी ८:२०

एक गोष्ट कोणीच काढली नाही. आमच्याकडे २०१८ च्या जुलैमध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीवरून फॉर्मेलीनचं (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) केवढं रामायण झालं आठवतं? सरकारने पंधरा दिवस बाहेरची मासळी आणणं बंद केलं होतं. माशावर जीव टाकणारा गोंयकार तेव्हा सुंगटं (कोळंबी) सोडून वाल खात होता.

आता सांगा, फॉर्मेलीन मारलेल्या माशात जिवाणूच मेले, तर अमाइन कुठून येणार? तुमचा कागद लाल तो लालच. म्हणजे सगळ्यात वाईट मासा सगळ्यात ताजा म्हणून पास.

टायट्रेशन_ताई | ३ जून, सकाळी ८:५५

मडगावकर, अगदी बरोबर. अमाइनची पट्टी एकटी कधीच पुरेशी नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याच २०१८ मध्ये फॉर्मेलीन आणि अमोनियासाठी झटपट चाचणीच्या कागदी पट्ट्या बाहेर आणल्या होत्या. त्या चमकत नाहीत, साधा रंग बदलतात. माशाच्या अंगावर पट्टी घासायची, वर रसायनाचा थेंब टाकायचा.

पण यातही एक मेख आहे. काही माशांत फॉर्माल्डिहाइड (फॉर्मेलीन म्हणजे त्याचंच पाण्यातलं द्रावण) आपोआप तयार होतं. तोच टीएमए ऑक्साइड जिवाणूंऐवजी माशाच्या स्वतःच्या विकराने (एन्झाइमने) तुटला तर डायमिथाइलअमाइन आणि फॉर्माल्डिहाइड मिळतं. यात आपला बोंबील बदनाम आहे. त्यामुळे बोंबलात फॉर्माल्डिहाइड सापडलं म्हणजे कोणी ओतलंच, असं लगेच म्हणता येत नाही.

मांदेली_फ्राय | ३ जून, ९:०१

बोंबलाबद्दल एक शब्द ऐकून घेतला जाणार नाही.

बर्गनकर | ३ जून, दुपारी ३:४०

नॉर्वेतून. इथे दुकानात मासा दिसतो तो ट्रेमध्ये, फिल्मखाली, कल्ला नाही, डोळा नाही, डोकंच नाही. आजगावच्या झिलाचे सगळे नियम पहिल्याच दारात गळून पडतात. "उपयोग काय" याचं उत्तर माझ्या फ्रीजमध्ये आहे.

यूव्ही दिव्याचा दुसरा वापर इथे कळला. माशात अॅनिसाकिस नावाचे बारीक कृमी असतात. प्रयोगशाळेत मांस दाबून पातळ करतात, गोठवतात आणि यूव्हीखाली धरतात. मेलेले कृमी निळसर पांढरे चमकतात, अंधाऱ्या रस्त्यावर दोरा पडल्यासारखे. एकदा बघितलं, पुढचे दोन आठवडे फक्त डाळभात.

अवांतर: ताज्या-शिळ्याची व्याख्याच जागेप्रमाणे बदलते. आइसलंडमध्ये शार्क आंबवून, महिनोन्महिने टांगून खातात, हाकार्ल. अमोनियाने डोळ्यांत पाणी येतं. ती पट्टी तिथे नेली तर पेटून उठेल.

आजगावचो_झील | ३ जून, ४:०५

आइसलंडाक कित्याक जातंस? आमच्या आयेच्या सुक्या बांगड्याच्या डब्याक लाव. पट्टी नोकरी सोडून जाईत.

टायट्रेशन_ताई | ३ जून, ४:३०

:) मोरी-मुशीलाही हेच. शार्क आणि पाकट यांच्या अंगात युरिया भरपूर असतो, त्याचा अमोनिया लगेच होतो. मासा खाण्याजोगा असतानाही आकडा चढलेला दिसतो. म्हणून "एक पट्टी सगळ्या माशांना" हे स्वप्न विसरा. जात बदलली की पट्टीवरच्या रंगाचा अर्थ बदलतो.

लसूणफोडणी | ३ जून, रात्री ११:२०

मला खरं तर दुसरंच विचारायचंय, आणि त्यासाठी आधी माझी कथा.

कॉलेजच्या सहलीत एका समुद्रकाठच्या खानावळीत कुप्याचं कालवण खाल्लं. कुपा म्हणजे ट्यूना, माहीत नसलेल्यांसाठी. वास चांगला, चव चांगली, फक्त जिभेला मिरी चावल्यासारखं थोडं झणझणलं, तेही मसाल्याचं वाटलं. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, मानेवर गांधी, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. टेबलावरच्या पाच जणांपैकी तिघांना. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासाभरात उतरलं. म्हणाले, तुम्हाला माशाची अॅलर्जी आहे, आयुष्यात खाऊ नका. सहा वर्षं मी मासा खाल्ला नाही. सहा! आई बांगडे तळायची आणि मी शेजारच्या खोलीत दार लावून बसायचे. मग एका डॉक्टर मैत्रिणीने विचारलं, तिघांना एकाच वेळी अॅलर्जी कशी होईल गं?

तो मासा वासाला चांगला होता. असल्या माशाला तुमचा कागद पकडतो का?

टायट्रेशन_ताई | ४ जून, सकाळी ७:१५

लसूणफोडणी, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. असला मासा कागद पकडत नाही.

ते हिस्टामिन होतं, अॅलर्जीत शरीर स्वतः सोडतं तोच पदार्थ. बांगडा, सुरमई, कुपा ही भावकी, आणि तारलीसुद्धा, यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मासा पकडल्यावर दोन-चार तास उन्हात राहिला की पुरे. नंतर बर्फात घाला, तयार झालेलं विकर हळूहळू काम करत राहतं. सगळ्यात वाईट म्हणजे हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, डबाबंद करूनही जात नाही. आणि ते टीएमएसारखं उडत नाही. म्हणून मासा वासाला बरा, पट्टीला बरा, आणि खाल्ल्यावर तुमच्यासारखी अवस्था. ते मिरीसारखं चावणं ही ओळखीची खूण आहे.

इथेच फ्लुरोसन्सचं खरं काम चालू आहे, आणि ते नवीन नाही. ऑर्थो-थॅलाल्डिहाइड नावाचा पदार्थ हिस्टामिनशी जोडला की निळसर चमकतो. माशाचा मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, गाळणीच्या स्तंभातून स्वच्छ करायचा, हे मिसळायचं आणि चमक यंत्रावर मोजायची. ही पद्धत १९७७ पासून अधिकृत आहे. युरोपची अट अशी की एका मालातून नऊ नमुने घ्यायचे, सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत, फार तर दोन नमुने १०० च्या वर, आणि कुठलाच २०० च्या वर नाही. नऊ का, तर एका माशात काहीच नसतं आणि शेजारच्यात ढीगभर. एकाच कालवणातून पाचातल्या तिघांना लागलं, त्याचं कारण हेच.

लसूणफोडणी | ४ जून, ७:४०

सहा वर्षांचे बांगडे कोणाकडे मागू?

मुद्देसूद | ४ जून, ९:००

माझा मुद्दा थोडा मागे घेतो. वासाला पर्याय म्हणून पट्टी हा माझ्या मते अजूनही हौसेचा प्रकार आहे. पण हिस्टामिनसारखं ज्याला वासच नाही ते पकडायला दिवा, हे पटलं. गंमत अशी की संशोधनाच्या बातम्या सगळ्या पहिल्या प्रकारच्या येतात, कारण फोटो छान दिसतो.

रसायनदादा | ४ जून, ९:२५

फोटो छान दिसतो हे शंभर टक्के खरं, आमच्या धंद्यातलं उघड गुपित. अंधारात हिरवी पट्टी, बाजूला कोळंबी. प्रयोगही बहुतेकदा बंद काचेच्या भांड्यात, एकाच तापमानाला. खऱ्या ट्रेमध्ये झाकणाला आतून पाणी सुटतं आणि थेंब पट्टीवर बसतात. ते प्रकरण सोपं नाही.

बाय द वे, सडता मासा अंधारात स्वतःहूनही चमकतो. ते फ्लुरोसन्स नव्हे, तिथे टॉर्च लागत नाही. फोटोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू स्वतःचा प्रकाश पाडतात. हवेवाला रॉबर्ट बॉईल सतराव्या शतकात चमकणारे मासे हवा काढलेल्या पात्रात ठेवून बघत होता, हवा गेली की प्रकाश गेला. म्हणजे शिळ्या माशाचा पहिला चमकता सेन्सर निसर्गानेच काढला, फक्त भरवशाचा नाही.

नाकतोडा, घरच्या प्रयोगाचं विचारलं होतंत. हळद वापरा. साबणाने हळदीचा डाग लाल होतो, हळद-चुन्याचं कुंकू होतं, तेच रसायन. कर्क्युमिन यूव्हीखाली पिवळं-हिरवं चमकतं आणि अल्क लागलं की चमक मंदावून रंग तांबूस होतो. कोळंबीच्या ताजेपणासाठी कर्क्युमिनच्या फिल्मवर संशोधनही झालंय. टॉर्च डोळ्यांत मारू नका, आणि पट्टी माशाला लागू देऊ नका.

आजगावचो_झील | ४ जून, ९:४०

यूव्ही टॉर्च घेतलंस तर गावाक घेवन ये. पावसात आमच्याकडे इंचू चिऱ्याच्या गडग्यातसून बाहेर येतत, त्या उजेडात हिरवे पेटतत. रात्री पाय खय ठेवचो ता कळता.

शाकाहारी_बघ्या | ४ जून, ९:५२

मासळीच्या धाग्यात शेवटी विंचू निघाला. पैसे वसूल.

नाकतोडा | ९ जून, सकाळी ११:००

प्रयोगाचा अहवाल.

तीनशे रुपयांचा यूव्ही टॉर्च मागवला. कॉफीचा गाळणकागद सॅनिटायझरमध्ये कालवलेल्या हळदीत बुडवून वाळवला आणि बोटभर पट्ट्या कापल्या. मासेमारीची पावसाळी बंदी लागलीय, तरी छोट्या होडीवाल्यांचे चार बोंबील मिळाले. दोन एका झाकणाच्या काचेच्या डब्यात ओट्यावर, दोन तसल्याच डब्यात फ्रीजमध्ये. दोन्ही झाकणांना आतून पट्टी. रविवारी सकाळी नऊला सुरू.

दुपारी एक: दोन्ही पट्ट्या टॉर्चखाली लिंबासारख्या झगझगीत. चार: काही नाही, फक्त ओट्यावरच्या डब्यात पाणी सुटून एक कोपरा भिजला. पाच: बायको हॉलमधून म्हणाली, "तुझा प्रयोग यशस्वी झालाय, बाहेर टाक." पट्टी तशीच झगझगीत. सात: तिने स्वयंपाकघराचं दार लावलं आणि वडापाव मागवला. रात्री नऊ: पट्टीची कड तपकिरी, टॉर्चखाली तिथली चमक विझलेली. साडेनऊ: वरच्या मजल्यावरून फोन.

फ्रीजमधली पट्टी मंगळवारपर्यंत जशीच्या तशी होती. मग मी ते बोंबील टाकून दिले, कारण पट्टीवर माझा विश्वास उरला नव्हता.

निष्कर्ष: हळदीचा कागद बायकोच्या चार तास मागे आहे.

टायट्रेशन_ताई | ९ जून, ११:३५

अहवाल आमच्या कनिष्ठांना दाखवला, नोंदी ठेवायची पद्धत म्हणून. दुपारी चारची भिजलेल्या कोपऱ्याची नोंद विशेष आवडली.

मागे का पडला ते सांगते. माशाच्या मांसाचा पीएच साताच्या आसपास, म्हणजे ना धड आम्ल ना धड अल्क, असतो. तिथे बहुतेक अमाइन क्षाराच्या रूपात पाण्यातच अडकून बसतं, हवेत थोडंसंच येतं. आम्ही पोटॅशियम कार्बोनेट ओततो ते त्याला हुसकावून बाहेर काढायलाच. आणि हळद रंग बदलायला चांगलं अल्क मागते. प्रयोगशाळेतले रंग मुद्दाम काठावर आणून ठेवलेले असतात, जरा धक्का लागला की पडणारे. हळद काठापासून चार पावलं आत उभी आहे.

रसायनदादा | ९ जून, ११:५०

मान्य. हळद सुचवली तेव्हा तिच्यासमोर बायको उभी आहे हे माहीत नव्हतं.

धक्क्यावरची | ९ जून, रात्री ९:३०

आईला अहवाल वाचून दाखवला. आधी चार बोंबील फुकट घालवले म्हणून चिडली. मग वडापावला हसली. मग गप्प बसून म्हणाली, "त्याला वास येतच नाय? मंग फोडनीचा पन नाय?" मी म्हटलं, थोडा येतो. तर म्हणाली, "त्याला सांग, बंदी उठली की ये. वास मी घेते, पैशे तू दे." बाजार कुठला ते व्यक्तिगत निरोपाने कळवते.

एक मात्र ताईंनी बांगड्याचं सांगितलं ते आईला नवीन नव्हतं, फक्त नाव नवीन होतं. ती बांगडा सकाळी दहानंतर बर्फाबाहेर ठेवत नाही आणि त्या वेळेनंतर उरलेला घरीही आणत नाही. तिच्या आजीने सांगितलं होतं, "ऊन लागलेला बांगडा खाजवतो."

टायट्रेशन_ताई | ९ जून, ९:४५

"ऊन लागलेला बांगडा खाजवतो." माझ्या टेबलासमोर चिकटवते हे. आजीला नऊ नमुने लागले नाहीत.

बर्गनकर | १० जून, पहाटे १:१०

इथे कोण हुंगून देईल? मला पट्टीच हवी. कोणी काढली तर पहिलं गिऱ्हाईक मी.

नाकतोडा | ५ ऑगस्ट, सकाळी १०:२०

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा राहिला होता.

बंदी उठल्यावर गेलो. मावशींनी माझ्याकडे न बघता आधी माझी पिशवी बघितली. "बर्फ कुठाय?" म्हणून ओरडल्या. आता थर्माकोलचा डबा आणि घरून बर्फ घेऊन जातो. पहिल्या दिवशी सुरमई मागितली, त्यांनी शेपटीकडे हुंगलं, बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "ही तुझी नाय, हिच्यासाठी नाकवालं गिऱ्हाईक येऊ दे." पाव किलो मांदेली दिली. घरी बायकोने डबा उघडला आणि काहीच बोलली नाही. आमच्याकडे हे प्रमाणपत्र.

टॉर्च वाया गेला नाही. यूव्हीखाली मांजराची मूत चमकते. आमच्या जिन्यात कुठल्या मजल्यावर, कोणाच्या दारात, किती वेळा, सगळं दिसलं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलेत, तेव्हापासून दुसऱ्या मजल्याशी आमचं बोलणं बंद आहे.

शाकाहारी_बघ्या | ५ ऑगस्ट, १०:२४

यावर वेगळा धागा काढा. हा शाकाहारी आहे, मला भाग घेता येईल.